मोटेराच्या गच्चीवरून

निघताना बाबांनी एकच काम सांगितलं. "मी बसलो होतो ती जागा कुठं आली असेल, तेवढं बघून ये."

जागा म्हणजे अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियममधली सिमेंटची पायरी. ७ मार्च १९८७ ला तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून बाबांनी गावसकरच्या कसोटीतल्या १०,००० धावा पुऱ्या होताना पाहिल्या. समोर पाकिस्तान, बोलर एजाज फकीह, लेट कट. तोवर कसोटीत तिथवर कुणीच पोचलं नव्हतं. लोक मैदानात घुसले, खेळ थांबला. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनीही धाव घेतली होती. आई म्हणते, हे कधी गाडी पकडायला धावले नाहीत, गावसकरसाठी काय धावणार!

ते स्टेडियम पाडून त्याच जागी नवं बांधतायत हे बाबांना माहीत होतं. तरी सांगितलं.

ही गोष्ट फेब्रुवारी २०१९ ची. मी तेव्हा कलाभवनात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. कलाभवन म्हणजे सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या संस्थेचं हे नाव, बडोद्यातली जुनी माणसं अजून तेच घेतात. जानेवारीत मोटेराच्या बांधकामाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. मेलबर्नपेक्षा मोठं, १,१०,००० माणसं बसतील असं क्रिकेटचं मैदान, आणि तेही आमच्यापासून शंभर-एक किलोमीटरवर! वर्गात दोन दिवस चर्चा झाली. शनिवारी सकाळी प्रत्यक्ष स्टेशनवर आलो आम्ही दोघीच, मी आणि माझी गुजराती मैत्रीण. बाकीच्यांना झोप प्यारी.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थेपले आईने दिले होते, ते आणंद यायच्या आधी संपले, म्हणून आणंदला गोटे, म्हणजे भजी, घेतले. काळुपूरला उतरून लाल बस पकडली. आश्रम रोड, वाडज, साबरमती. पुढे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे नुसते खांब उभे होते. उत्तरायण होऊन तीन आठवडे झाले तरी खांबांवरच्या सळयांत कटलेल्या पतंगांच्या शेपट्या फडफडत होत्या.

बसमधून आधी क्रेन दिसल्या. मग झाडांच्या वर एक करडा, वाकडा काठ दिसायला लागला, आणि बस पुढं जाईल तसा तो संपेचना.

गेटवर पोचलो आणि माझा मूर्खपणा उघडा पडला. सोबत ना कॉलेजचं पत्र, ना हेल्मेट, पायांत चपला. वॉचमनने मान हलवली. "लेटर लाओ मॅडम, और जूते." मैत्रिणीने गुजरातीत, मी हिंदीत, मग दोघींनी मिळून विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. खरं तर त्याचंच बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर मीही मला आत सोडलं नसतं.

समोरच्या चहाच्या लारीवर तोंड पाडून बसलो. तेवढ्यात गेटशी एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला. त्याच्यावर काँक्रीटचे तीन तुकडे होते, प्रत्येक खोलीपेक्षा लांब. आडवा छेद इंग्रजी एल अक्षरासारखा. वर उचलायला लोखंडी कड्या, बाजूला लाल रंगात रंगवलेला नंबर. वॉचमन ड्रायव्हरचे कागद बघत होता, तेवढ्यात मी जाऊन एकाला हात लावला. गार, आणि साच्याच्या बाजूने इतकं गुळगुळीत की आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलच्या भिंतींना लाज वाटावी. कडेला शटरिंगच्या तेलाचा वास.

"ये सीढ़ी है," लारीवर चहा पीत बसलेला एक सळईवाला म्हणाला. त्याच्या हातमोज्यांची बोटं कापलेली होती, कमरेला तार पिळायचा हूक. त्याने बशी तिरकी धरली, तिच्यावर दोन बिस्किटं एकापुढे एक टेकवली आणि म्हणाला, तिरपा बीम खाली असतो, हे तुकडे क्रेनने आणून त्याच्या दात्यांवर बसवायचे, खालून वर. साइटवर ओतत बसलं तर म्हातारे होऊ.

मला सरांचा फळा आठवला. प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेलं काँक्रीट, आणि रेकर, म्हणजे पायऱ्यांखालचा तिरपा बीम, या प्रकरणात मला चौदापैकी पाच मार्क पडले होते. त्याच तासाला सरांनी हेही शिकवलं होतं की मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून सीमारेषेपर्यंत जायला हवी, म्हणून जसजसं मागं जावं तसतशी पायरी थोडी थोडी जास्त उंच ठेवावी लागते. मांडणी सरळ उतारासारखी नसते, वाडग्यासारखी वळत जाते. वरचा मजला एवढा अंगावर येणारा का असतो, ते मला बशीतल्या बिस्किटांनी समजावलं.

लारीवाल्याला आमची दया आली असावी. त्याने मागच्या सोसायटीतल्या एका मासींना हाक मारली. मासींनी दोन प्रश्न विचारले: कुठल्या, आणि लग्न झालंय का. मग गच्चीची किल्ली दिली. "टाकी पासे ना जता." टाकीजवळ जाऊ नका.

गच्चीवरून मैदान दिसलं. आमच्या बाजूला वरच्या मजल्याचे काही गाळे अजून भरायचे होते, त्या खिंडीतून थेट पलीकडचा नदीकडचा स्टँड दिसत होता. बाहेरच्या अंगाला वाय आकाराचे खांब, दोन्ही हात वर करून उभे. मधोमध हिरवळ नाही, पिच नाही, नुसती माती आणि तिच्यावर गाड्यांच्या चाकांच्या रेघा. छप्पर अजून चढलेलं नव्हतं. दिव्यांचे उंच मनोरे इथं येणारच नव्हते, एलईडी छपराच्या कडेलाच बसणार होते. पलीकडच्या पायऱ्यांवर दहा-बारा माणसं एका ओळीत काहीतरी करत होती. एवढ्या जागेत ती मुंग्यांसारखी दिसत होती, आणि मला पहिल्यांदाच १,१०,००० हा आकडा घाबरवून गेला.

मी दुपारी तीन वाजता फोटो काढले. बाबांची जागा मात्र काही केल्या ठरवता येईना. ५४,००० चं जुनं स्टेडियम पार गेलं होतं, ओळखीची एक भिंत नाही. मैत्रीण म्हणाली, "कुठलीही दाखव ना, त्यांना काय कळणार?" तिला माझे बाबा माहीत नाहीत. आमच्या घरी क्रिकेटचा विषय निघाला की गाडी १९४७ च्या रणजी फायनलवर जाते, होळकर संघाविरुद्ध बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमदची ५७७ ची भागी, हजारे २८८, गुल महंमद ३१९. ती पाहिलेले आजोबा आता नाहीत, पण आकडा एका धावेने चुकला तरी बाबा जेवताना हात थांबवतात.

रात्री नऊला दांडिया बाजारात घरी पोचले. बाबांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वाजताचा आहे हा?"

"तीनचा."

"ऊन कुणाच्या तोंडावर आहे?"

मी बघितलं. अलीकडचा स्टँड पाठमोरा, ऊन त्याच्या पाठीवर. तोंडावरचं ऊन सगळं पलीकडे, नदीच्या बाजूला.

"मग इथं," त्यांनी फोटो मोठा करत तिथं बोट टेकवलं. "स्वस्तातलं तिकीट होतं. चहानंतर सूर्य सरळ डोळ्यांत यायचा. गावसकरने कट मारला तेव्हा मी हाताची झापड धरून बघत होतो."

"मग मैदानात धावलात कधी?" आई आतून म्हणाली.

"छप्पर येणार म्हणतेस ना इथं?" बाबांनी मलाच विचारलं. आईकडे त्यांनी बघितलंच नाही.