आमची वाटचाल: हात मागे बांधून उभं राहायला शिकले त्याची गोष्ट

आमच्या क्लिनिकला आता २७ वर्षं झाली. सुरुवातीला दोन खोल्या, एक स्टीलचं टेबल, एक सेकंडहँड मायक्रोस्कोप आणि मी एकटी. सकाळी कुत्री-मांजरं बघायची, दुपारी गोठ्यांवर जायचं, रात्री फोन वाजला की परत बाहेर. गाय अडलीये, वासराची मान मागे वळलीये, मग खांद्यापर्यंत हात आत घालून ती सरळ करून आणायची, घरी येऊन दोन तास झोपायचं आणि सकाळी परत तेच, असं जवळजवळ सहा वर्षं चाललं. लोक म्हणायचे मॅडमच पाहिजेत, आणि ते ऐकून मला फार बरं वाटायचं. क्लिनिक म्हणजे मी, असंच डोक्यात बसलं होतं.

मग पहिली असिस्टंट डॉक्टर ठेवली. हुशार मुलगी, वाचन चांगलं, जनावराला हात लावायची पद्धत तर फारच छान. दीड वर्षात सोडून गेली. जाताना शांतपणे म्हणाली, "मॅडम, इथे मी एकही ऑपरेशन पहिल्या कटापासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझं माझं केलं नाही." मला आधी रागच आला, पण रात्री आठवायला लागले तर खरंच होतं ते. तिचा हात जरा थबकला की मी म्हणायचे, दे इकडे. दर वेळी. पेशंट वाचत होते म्हणून मला कधी ते चुकीचं वाटलंच नाही.

पुढची मुलगी आली तेव्हा ठरवलं की आता हात मागे बांधून उभं राहायचं. अक्षरशः मागे बांधून, कारण समोर असले की ते आपोआप पुढे जातात. कुत्रीच्या नसबंदीत नवीन डॉक्टरला सगळ्यात भीती वाटते ती बीजकोशाच्या वरचा तो चिवट बंध सैल करताना, जास्त जोर लावला तर रक्तवाहिनी फाटते आणि कमी लावला तर बीजकोश वर येतच नाही, आणि हे पुस्तकात कितीही वाचलं तरी बोटांनाच शिकावं लागतं. मला जे काम २५ मिनिटांत जमायचं त्याला तिला दीड तास लागला. मी आधीच तिला सांगून ठेवलेलं की मी मध्ये पडणार ते फक्त तीन वेळा: पेशंटचा श्वास किंवा ठोके बिघडले तर, रक्त कुठून येतंय ते तुला सापडत नसेल तर, किंवा तू स्वतः मदत मागितलीस तर. बाकी वेळ मी फक्त विचारायचं, आता काय दिसतंय, पुढे काय करशील. हे आधी बोलून घेतल्यामुळे तिचाही हात स्थिर राहिला आणि माझाही जीव. अर्थात जनावर आपल्या शिकण्यासाठी टेबलवर आलेलं नसतं, त्यामुळे तब्येतीनं धडधाकट, कमी वयाचा पेशंट बघूनच पहिली केस द्यायची, आणि मी खोली सोडायची नाही.

आता एक गोष्ट जी सांगायला अजूनही जड जातं. एका मांजरीचं साधं ऑपरेशन, छान झालं, टाके घातले, पिंजऱ्यात ठेवली आणि आम्ही सगळे पुढच्या केसला लागलो. वीस मिनिटांनी बघितलं तर गेलेली होती. श्वास कधी थांबला कुणालाच कळलं नाही. ऑपरेशन मी केलं होतं आणि पिंजऱ्याकडे कुणाला बसवायचं ते मीच ठरवलं नव्हतं. भूल दिलेल्या कुत्र्या-मांजरांमधे जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याच्या आसपास ऑपरेशन संपल्यावर होतात आणि त्यातही पहिले तीन तास सगळ्यात धोक्याचे, हे मला नंतर नीट समजलं, तोपर्यंत आमचं सगळं लक्ष टेबलवर असायचं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, पेशंट डोकं उचलून स्वतः बसेपर्यंत एक माणूस त्याच्याजवळच असतो, हिरड्यांचा रंग, श्वास, ठोके, टेंपरेचर दर थोड्या वेळानं लिहितो आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, मी सांगितलं तरी त्यानं नाही म्हणायचं.

त्याच सुमारास चुकांची वही सुरू केली. पहिल्या पानावर मी ती मांजर लिहिली, माझ्या नावानं. मालक स्वतःची चूक लिहितो म्हटल्यावर मग बाकीचे पण लिहायला लागले आणि नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात ती वही पूर्ण वाचतो. त्यात काय काय आहे बघा. मांजर उलट्या करतंय आणि जिभेखाली बघितलं नाही, दोरा जिभेच्या मुळाशी अडकलेला आणि दुसरं टोक आतड्यात गेलेलं. बोका सारखा ट्रेमधे बसून कुंथतोय, घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालंय, पण पोट दाबून बघितलं तर मूत्राशय दगडासारखं, लघवी तुंबलीये, आणि अशा केसमधे रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, म्हणजे उद्या बघू म्हणायची सोयच नाही. ताप आला म्हणून प्रेमानं पॅरासिटामॉल दिलेलं मांजर, हिरड्या तपकिरी पडलेल्या. मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही, पण घरच्यांना हे कोण सांगणार, आपणच ना, तेही आधी.

अटेंडंट दादांबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं अर्धवट राहील. मोठ्या छातीचा कुत्रा, अस्वस्थ, उमासे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, पोट ताणलेलं, म्हणजे जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. दादांना मी सांगून ठेवलंय की असा कुत्रा दिसला की कुणालाही न विचारता थेट आत आणायचा, मी कुणाशीही बोलत असले तरी. दोनदा त्यांचा अंदाज चुकला. दोन्ही वेळा मी सगळ्यांसमोर त्यांना बरं केलंत म्हणाले, कारण तेव्हा रागावले असते तर तिसऱ्या वेळी ते थांबले असते.

कायमची झोप द्यायची वेळ येते तेही नवीन डॉक्टरला लवकर शिकवते, शेवटी ठेवत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग घरच्यांना स्पष्ट सांगायचं की डोळे उघडे राहतील, गेल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, घाबरू नका. हे आधी सांगितलं नाही तर ते दृश्य त्या माणसाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. आणि त्यानंतर त्या डॉक्टरला पुढची अपॉइंटमेंट द्यायची नाही, थोडा वेळ मोकळा ठेवायचा. आमच्या व्यवसायात आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त आहे हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, आणि मी स्वतः अशा रडून परत हसत लसीच्या पिल्लाकडे जाणाऱ्या मुली बघितल्यात, त्यामुळे तो वेळ फुकट गेला असं मला कधीच वाटत नाही.

आता आम्ही पाच डॉक्टर आहोत. पहिली सोडून गेलेली मुलगी आज स्वतःचं क्लिनिक चालवते, अवघड केस असली की फोन करते, आणि हल्ली मीही तिला करते. रात्रीची ड्युटी मी मागच्या वर्षी पूर्ण सोडली. सोडताना फार जड गेलं, पहिले काही आठवडे उशाशी फोन ठेवून जागीच असायचे.

परवा सकाळी गेले तर टेबलवर रात्रीची केसशीट होती. जठराचा पीळ, १:२० ला आला, सुई घालून गॅस काढला, ड्रिप, १:५५ ला ऑपरेशन, प्लीहा चांगली, जठर पोटाच्या भिंतीला शिवलं. सगळं धाकट्या डॉक्टरच्या अक्षरात. मी फोन काढून बघितला, रात्री एकही कॉल नव्हता. खाली दर पंधरा मिनिटांच्या नोंदी होत्या आणि शेवटची ४:४० ची: उठून बसला, पाण्याकडे बघतोय, अजून देत नाही.