फादरबाबांच्या सह्या शोधत : छावणी ते वैजापूर आणि पुढे

आमच्या वंशावळीत एक फांदी एका नावापाशी थांबते. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, सगळ्या घराचे फादरबाबा. कॅथलिक धर्मगुरू, म्हणजे पुढे लेकरंबाळं नाहीत. घरात त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या जायच्या : सिलोनला, म्हणजे श्रीलंकेत शिकले, सायकलवरून खेडोपाडी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, आणि वारले ते जालन्याकडच्या कुठल्याशा गावात. आत्या यंदा ७८ वर्षांची झाली. म्हणाली, "पाय चालतायत तोवर घेऊन चल." फेब्रुवारीत पाच दिवस काढले आणि निघालो.

सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून केली. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे तिथलं धर्मप्रांताचं, म्हणजे एका बिशपच्या हद्दीचं, मुख्य चर्च. मला वाटलं होतं, इथे एक फाइल निघेल, तिच्यात सगळ्या नेमणुका ओळीने असतील. पण हा धर्मप्रांतच मुळी १७ डिसेंबर १९७७ चा. त्याआधी इकडचं मिशन अमरावतीच्या धर्मप्रांतात होतं, जो १९५५ मध्ये झाला, आणि त्याही आधी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या. म्हणजे एका माणसाचे कागद तीन शहरांत. आपल्या घरातले फादर कोणत्या काळात होते ते या सालांशी आधी जुळवून पाहा आणि मगच कुठे पत्र पाठवायचं ते ठरवा. मी एका कार्यालयाला घाईघाईने दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. चूक त्यांची असेल, पण कागदही तिथे नव्हताच.

दुसरं, ते धर्मप्रांताचे फादर होते की एखाद्या संन्यासी संघाचे, हे विचारून घ्या. वैजापूर-गंगापूरकडचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभं केलं ते फ्रेंच फ्रान्सेलियन फादरांनी. त्यांचा संघ १८३८ मध्ये, ज्या संताचं नाव त्यांनी घेतलं त्या फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच आन्सी गावी स्थापन झाला. संघाच्या फादरांच्या नेमणुका संघाच्या प्रांतिक कार्यालयात असतात, बिशप हाउसमध्ये नाही. आणि जालना भागात शोधत असाल तर घराणं मुळात कॅथलिकच होतं ना, याची खात्री करा. तिथे नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली ती स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनची. ती दप्तरं पूर्ण वेगळी.

सिलोनची गोष्ट आम्ही पोरं खरी मानत नव्हतो. वैजापूर तालुक्यातला मुलगा समुद्रापार कसा जाईल? पण फादर होण्याचं शिक्षण देणारी पेपल सेमिनरी १९५५ पर्यंत सिलोनमधल्या कँडीलाच होती, त्या वर्षी ती पुण्यात आली. तुमच्या घरातले फादर त्याआधी शिकले असतील आणि 'सिलोन' असा शब्द कानावर आला असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. आत्याला आठवतं, रोटेगाव स्टेशनावर पत्र्याची ट्रंक घेऊन ते उभे होते आणि तिच्या आईने शेंगदाण्याचे लाडू फडक्यात बांधून दिले होते. छोट्या गाडीने मनमाड, मग गाड्या बदलत पार धनुष्कोडी, तिथून बोटीने तलाईमन्नार. १९६४ च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, तो मार्गच संपला.

आता मुख्य गोष्ट. फादरच्या नोकरीचा पट शोधायचा तर चरित्र मागू नका, बाप्तिस्म्याची रजिस्टरं मागा. प्रत्येक बाप्तिस्म्याखाली तो देणाऱ्याची सही असते. एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्यांची पहिली सही सापडली की तिथे आल्याचा काळ कळतो, शेवटची सापडली की गेल्याचा. फक्त सहीच्या वर लॅटिनमध्ये 'दे लिसेन्शिया पारोखी' असं काही दिसलं, तर ते तिथले नव्हते, तिथल्या फादरच्या परवानगीने पाहुणे म्हणून आले होते. मी अशा दोन पाहुण्या सह्या नेमणुकीत धरल्या आणि अख्खा एक दिवस चुकीच्या गावात घालवला.

त्याहून मोठी गोष्ट पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या फादरने सांगितली. गुरुदीक्षा झाली, म्हणजे माणूस फादर झाला, की तिची खबर त्या माणसाचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या धर्मग्रामाला पाठवायची, असा चर्चचा नियमच आहे, आणि तिथल्या फादरने ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहायची. म्हणजे सुरुवात जन्मगावापासूनच करायची.

सेंट्रल बसस्टँडवरून वैजापूरची एसटी धरली, पुढे फादरबाबांच्या जन्मगावापर्यंत काळी-पिवळी. तिथल्या फादरने लाकडी कपाटातून रजिस्टर काढलं. पुठ्ठ्याची कड वाळवीने खाल्लेली, पानं मात्र शाबूत. निजामाच्या राज्यात जमिनीचे कागद उर्दूत, आणि ह्या मळ्यातल्या लेकरांच्या नोंदी लॅटिनमध्ये, त्याही फ्रेंच वळणाने : 'भाऊ' नावाच्या शेवटी इंग्रजी यू नाही, ओ-यू. एक फसगत सांगून ठेवतो. तारखेत सातचा आकडा आणि पुढे 'ब्रिस' असं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. तसंच आठ म्हणजे ऑक्टोबर.

आत्या चष्मा पुसून ओळीवर बोट ठेवत गेली. बोट थांबलं. पणजोबांचं नाव, पणजीचं नाव, आणि डावीकडे समासात वेगळ्या, निळ्या शाईत तीन बारीक ओळी : गुरुदीक्षा, तारीख, जागा. "हे तर माझ्या आजीचं नाव, इंग्रजीत," ती म्हणाली. फादर म्हणाले, "लॅटिनमध्ये, आजी." मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिथून गंगापूर तालुका, मग जालन्याच्या पुढे. सहीतल्या पहिल्या अक्षराची शेपटी ते ओळीखाली लांब ओढत, त्यामुळे चौथ्या रजिस्टरपासून आत्या पानं उलटतानाच त्यांना ओळखू लागली. जवळजवळ तीस वर्षांची सेवा आम्ही अशी पाच गावांत लावली. मधली तीनेक वर्षं अजून रिकामी आहेत. त्यासाठी 'निरोप्या'चे जुने अंक बघणार आहे. १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळला सुरू झालेलं हे मासिक जुन्या मराठी कॅथलिक घरांत ट्रंकेच्या तळाशी हमखास निघतं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. रविवारी जाऊ नका, फादर दोन-तीन गावांत मिस्सा करून दुपारी दमून येतात. नाताळ आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडाही टाळा. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी दहानंतर, आधी फोन करून. आपल्या धर्मग्रामाच्या फादरकडून ओळखीचं पत्र न्या, नात्याचा एखादा कागदही. फोटो काढू द्यावेत असा हट्ट धरू नका. त्या पानावर दुसऱ्यांच्याही घरच्या गोष्टी असतात, फादर वाचून दाखवतात ते लिहून घ्या. भिंग आणि वही हवीच. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन हा प्रवास करू नये. चर्चमध्ये पेटीत काही टाका, आणि दफनभूमी दाखवायला गावातलंच कुणी बरोबर घ्या, कारण जुन्या क्रुसांवरची अक्षरं पावसाने गेलेली असतात.

शेवटचं गाव सापडलं ते असंच, सहीवरून. अक्षर थरथरलेलं, शेपटी अर्ध्यावर तुटलेली, आणि पुढची नोंद दुसऱ्याच हातची. आत्याने विचारलं, "फादर, हे शेवटचं बाळ कुणाचं हो?" फादर हसले. ते बाळ आता चाळिशीचं, गावातच ट्रॅक्टर चालवतं. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर चहा घेतला. त्याच्या आईने भिंतीवरचा फोटो उतरवून आत्याच्या मांडीवर ठेवला : पांढऱ्या झग्यातले फादरबाबा, कडेवर ते लेकरू, मागे भिंतीला टेकवलेली सायकल.