टेक्सासच्या नकाशातला रांजण

टेक्सासमधल्या बिग बेंडच्या उद्यानाला निघण्याआधी दोन रात्री जेवणाच्या टेबलावर १:२४,००० प्रमाणाचा नकाशा पसरलेला होता. "सगळं तपकिरीच आहे की," नवरा म्हणाला. खरंच होतं. तपकिरी समोच्च रेषांची गर्दी आणि निळ्या रंगात नुसत्या तुटक रेघा, म्हणजे पाऊस झाला तरच वाहणारे ओढे.

अशा मुलखाचा नकाशा वाचताना मी डोंगर सोडून आधी पाणी शोधते. गाव नाही, घर नाही, तरी तीन-चार गाडीवाटा एका ठिपक्याशी येऊन मिळतात, तिथे बहुधा झरा, विहीर किंवा पवनचक्की सापडते. गुरं तिथेच यायची, त्यामागोमाग माणसं. १९४४ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, गुरं गेली, पण नावं नकाशावर राहिली.

आणि नावं तरी काय! टेक्सासच्या नकाशांवर जागोजागी 'टँक' लिहिलेलं असतं, म्हणजे गुरांसाठी बांध घालून अडवलेलं पाणी. या शब्दाचं मूळ शोधत कोशकार थेट गुजराती-मराठी 'टाक्या'पर्यंत येतात (पोर्तुगीजांचाही हात आहे म्हणे). शिवनेरीवरचं गंगा-जमुना टाकं आठवून मी उगाच खूश झाले. पुढे 'ला नोरिया' दिसलं. स्पॅनिशमध्ये नोरिया म्हणजे रहाट. तिथे मॅक्स अर्न्स्ट नावाच्या जर्मन माणसाचं दुकान होतं. पोस्टही तोच सांभाळायचा. १९०८ मध्ये कुणीतरी दबा धरून त्याला गोळी घातली. आता एक खोरं, एक डोंगरधार आणि एक 'तिनाहा' त्याच्या नावाने आहे.

तिनाहा म्हणजे रांजण.

ओल्ड ओअर रोडवरून, म्हणजे मेक्सिकोतल्या खाणींची खनिजमाती मॅरेथॉन गावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत नेणाऱ्या जुन्या वाटेवरून, आमची गाडी हाडं खिळखिळी करत गेली. पुढे घळीतून अर्धा मैल चालत. चुनखडीच्या वळ्या पडलेल्या भिंती, आणि मध्ये पाण्याने कोरलेला खोल डोह. कडा इतक्या गुळगुळीत की पाणी खाली गेलं की प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही, आत बुडून मरतं.

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. निघोजचे, कुकडी नदीतले रांजणखळगे बघतच मी मोठी झाले. रेंज आल्यावर धाकट्या भावाला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर: "ताई, निघोजला आलीस आणि घरी नाही आलीस?"