मांजरांची ताटली आणि उदमांजर : माझा अनुभव

आमची सोसायटी मुलुंडला, मागची कंपाउंड वॉल संपली की नॅशनल पार्कचा डोंगरच. जिन्याखाली चार मांजरं आहेत, चौघांचीही नसबंदी झालीय (कानाचं टोक कापलेलं दिसतं ना, तीच खूण). मी रोज ऑफिसातून आले की बोंबलाची डोकी घालून शिजवलेला भात ठेवायचे आणि सकाळी रिकामी ताटली उचलायचे, वाटायचं पोटभर जेवली पोरं.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला ताटली वाजली म्हणून टॉर्च मारला तर उदमांजर! काळं तोंड, जवळजवळ अंगाएवढी शेपूट, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाइपावरून सरसर वर. भिंतीशी दोन घुशी नंबर लावून बसलेल्या, आणि माझी मांजरं स्कूटरच्या सीटवर, उपाशी. फार वाईट वाटलं. उदमांजर बिचारं फळं-उंदीर खाणारं, त्याची भीती नाही, पण वॉचमन काका म्हणाले, "ताई, असं अन्न पडून राहिलं की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागनं बिबट्या येतो." पोटात गोळाच आला, बिबट्या मांजरालाही सोडत नाही.

आधी ताटली उंचावर ठेवून बघितली. घुशी थांबल्या, पण उदमांजर झाडावर राहणारं, त्याला उंचीचं काय. कोणी म्हणालं मिरचीपूड टाक, ते मी केलं नाही, मांजरांच्याच नाकात जायची.

मग वेळच बदलली. सकाळी सातला मी, संध्याकाळी साडेपाचला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. वीस मिनिटं तिथेच थांबायचं, नाहीतर कावळे टपलेले असतात, मग ताटली उचलून फरशी धुवायची, एक शीतसुद्धा ठेवायचं नाही. बोंबील फक्त सकाळी, संध्याकाळी कोरडं खाणं. मुंग्यांसाठी ताटली परातीतल्या पाण्यात.

चमचा वाजवला की यायचं हे तिघांना आठवड्यात कळलं. काळी मात्र अकराशिवाय यायची नाही, जिन्यात रडत बसायची आणि वर मला झोप नाही. शेवटी मी रोज तिच्यासाठी खाली उतरायला लागले, ती खाईपर्यंत उभी राहून ताटली घेऊन वर, आणि दर दोन दिवसांनी वेळ अर्धा तास अलीकडे. तीनेक आठवडे गेले यात.

उदमांजर अजून दिसतं, मागच्या उंबरावर, फळं धरली की. खाली उतरत नाही. आणि काळी हल्ली पाचपासूनच काकूंच्या दाराशी बसलेली असते.