मँचेस्टर: ट्युरिंगच्या बाकापासून ‘बेबी’पर्यंत

मँचेस्टरला जाणारे आपले बहुतेक लोक फुटबॉलचं मैदान बघून परततात. संगणकावर ज्यांचं पोट आहे, त्यांनी तरी या शहरासाठी आणखी एक अख्खा दिवस काढावा.

सुरुवात सॅकव्हिल गार्डन्सपासून करा. पिकॅडिली स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं. बाग छोटीच आहे, तिकीट नाही. तिथे बाकावर अ‍ॅलन ट्युरिंग बसलेत: ब्राँझचे, माणसाएवढे, हातात सफरचंद. शिल्पकार ग्लिन ह्यूज. अनावरण २३ जून २००१, ट्युरिंग यांच्या जन्मदिवशी. १९५४ साली सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा अंथरुणाशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद सापडलं होतं. त्याची तपासणी मात्र कधी झालीच नाही.

पायाशी जमिनीत बसवलेली पाटी न वाचता निघू नका. संगणकशास्त्राचे जनक, गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ, युद्धकाळात सांकेतिक संदेश फोडणारे, आणि शेवटी ‘पूर्वग्रहाचा बळी’. १९५२ साली समलिंगी संबंधांवरून त्यांना दोषी ठरवलं, हार्मोन्सची सक्ती केली. राजघराण्याची माफी आली थेट २०१३ मध्ये. म्हणून मला पुतळ्याची जागा फार योग्य वाटते. एका अंगाला विद्यापीठाची जुनी इमारत, दुसऱ्या अंगाला कालव्यापलीकडे कॅनॉल स्ट्रीट, म्हणजे शहरातली समलिंगी वस्ती. त्यांच्या आयुष्याचा कुठलाच भाग इथे लपवलेला नाही.

बाकावरची अक्षरंही निरखून बघा. पाच-पाचच्या गटांत कोरलेली निरर्थक वाटणारी इंग्रजी अक्षरं आहेत. ‘फाउंडर ऑफ कॉम्प्युटर सायन्स’ हे शब्द एनिग्मा या जर्मनांच्या युद्धकाळातल्या संकेतयंत्राच्या संकेतात लिहिलेत, असं सांगतात. सोबतच्या भाच्याने दोन्हीकडची अक्षरं एकाखाली एक मांडली. दोन्हीकडे चोवीस. पण चौदावं अक्षर दोन्हीकडे ‘यू’च आलं! “मामा, हे एनिग्मातून आलेलं असूच शकत नाही,” तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही, आणि याच उणिवेचा ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात पुरेपूर फायदा घेतला गेला. कागद-पेन जवळ ठेवा, मुलांना हे करायला लावा.

मग सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम. डीन्सगेट-कॅसलफील्ड ट्रामथांब्यापासून जवळ, प्रवेश मोफत. इथे ‘बेबी’ या सुरुवातीच्या संगणकाची चालती प्रतिकृती आहे, १९९८ मध्ये बांधलेली. मूळ यंत्र फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांचं. २१ जून १९४८ रोजी त्याने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवला. इलेक्ट्रॉनिक संगणकावर हे पहिल्यांदाच घडत होतं. प्रोग्रॅममध्ये सूचना अवघ्या १७, यंत्राची स्मृती १०२४ बिट, आणि दोनाच्या अठराव्या घाताचा स्वतःखेरीज सर्वांत मोठा विभाजक शोधायला ५२ मिनिटं. काचेच्या नळीच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटतात; तीच त्याची स्मृती, डोळ्यांनी दिसणारी. स्वयंसेवक यंत्र रोज चालवत नाहीत, तेव्हा प्रात्यक्षिकाचा दिवस आधी म्युझियमच्या संकेतस्थळावर बघूनच तारीख ठरवा. बंद यंत्र बघण्यात निम्मीही मजा नाही.

वेळ उरला तर ऑक्सफर्ड रोडच्या बसने विद्यापीठात उतरा. मूळ ‘बेबी’ जिथे चालली त्या इमारतीवर ब्रिजफर्ड स्ट्रीटला पाटी आहे. ऑक्सफर्ड रोडनेच पुढे रशोमची करी माइल लागते, जेवणाची सोय तिथे होते.

आपल्याकडचा एक धागाही जाता जाता सांगतो: ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते आणि आईचा जन्म कोइंबतूरजवळच्या पोदनूरचा.

छत्री हवीच, आणि बूट पाण्यात टिकणारे. तारखा हातात असतील तर जूनचा तिसरा-चौथा आठवडा साधा: २१ला ‘बेबी’चा वाढदिवस, २३ला ट्युरिंग यांचा. जाताना फुलं घेऊन जा, बाकावर ठेवायला.