सागवानी दारांवरचे रंगाचे थर काढताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची दारं वलसाडी सागाची, पण साग दिसत कुठेच नव्हता. वर चॉकलेटी एनॅमल, त्याखाली हिरवा ऑइलपेंट, मग गुलाबी प्रायमर, आणि स्वयंपाकघराच्या दाराला तर सगळ्यात खाली चुना. प्रत्येक थराचं औषध वेगळं. म्हणून आधी कोयंड्यामागे, जिथे कोणी बघत नाही तिथे, रुपयाएवढी जागा एकेक थर करत तपासली.

कोमट पाण्याच्या बोळ्याने रंग हाताला लागला तर तो डिस्टेंपर. स्पिरिटने चिकट झाला तर लाखेचं जुनं पॉलिश. दोन्हीने ढिम्म हलला नाही आणि लिंबाच्या रसाने फसफसला, तर चुना. चुना उष्णतेने मऊ पडत नाही, रिमूव्हरला, म्हणजे रंग सोडवणाऱ्या रसायनालाही, दाद देत नाही. ओला करून खरवडणं एवढाच उपाय. बाकी राहिलं ते बहुधा ऑइलपेंट किंवा एनॅमल.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चालावं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. वाड्यांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडं घासणं नाही, सँडिंग मशीन नाही, ब्लो लॅम्पची उघडी ज्योत तर नाहीच. खाली जाड प्लास्टिक पसरून कडा टेपने चिकटवल्या. तोंडाला अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा मास्क. कापडी रुमालाचा काही उपयोग नाही. खपल्या झाडूने लोटायच्या नाहीत, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधायच्या. जाळायच्या तर मुळीच नाहीत. काम चालू असेपर्यंत लहान मुलं त्या खोलीत नकोत.

आमची काही दारं बिजागरीवर नाहीत, वर-खाली लाकडी खुंटांवर फिरतात. ती उतरवायची म्हणजे चौकट उचकटायची. ती जागच्या जागीच केली.

सपाट फळ्यांसाठी हॉट एअर गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, सगळ्यात बरी. तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, नळी लाकडापासून ५ ते ७ सेंटिमीटर, आणि हात सतत हलता. रंगाला सुरकुत्या पडल्या की लगेच लाकडाच्या रेषेच्या दिशेने स्क्रॅपर ओढायचा. घाई म्हणून गन ५५०-६०० वर नेली, तर साग करपतो आणि शिशाची वाफ होऊ लागते. काचेच्या तावदानाजवळ गन वापरू नये, काच तडकते.

नक्षीत रिमूव्हरशिवाय गत्यंतर नाही. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलेलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ते सुमारे ४० अंशांना उकळतं. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी लावलेलं रिमूव्हर रंग सुटायच्या आधीच उडून जातं. हे काम थंडीतलं, सकाळचं, उघड्या चौकातलं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि जिवावर बेतू शकते. धुळीचा मास्क तिला अडवत नाही. पातळ नायट्राइल हातमोजेही काही मिनिटांत हार खातात. २-३ मिलिमीटरचा जाड थर एकदाच लावायचा, पुन्हापुन्हा ब्रश फिरवायचा नाही, वरून प्लास्टिक झाकायचं. मग बांबूची काडी आणि पितळी तारेचा ब्रश. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल ओल्या सागाला लावलं, तर लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन काळे डाग पडतात. जुन्या खिळ्यांभोवती असे डाग असतातच. १ लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते लावलं आणि मग भरपूर पाण्याने पुसलं की ते फिके होतात. हे ॲसिड विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं त्यासाठी घेऊ नये.

रिमूव्हरमध्ये मेण असतं. टर्पेंटाइनने ते नीट पुसलं नाही, तर नंतर पॉलिश धरत नाही.

कॉस्टिक सोड्याच्या हौदात दार बुडवून द्यायला तयार असणारे असतात, स्वस्तही पडतं. माझा ठाम नकार. साग काळपट होतो, रेषा फुगतात, सांधे सैल होतात, आणि लाकडात मुरलेला खार पुढे वर येऊन नवा रंग उडवतो.

रेषांत अडकलेला गुलाबी प्रायमर सगळा काढायच्या नादाला लागू नये. त्यात रंगापेक्षा लाकूडच जास्त निघतं. दार पुन्हा रंगवायचं असेल तर घट्ट बसलेला थर तसाच ठेवून वर लांबी (पुट्टी) भरावी. पॉलिश करायचं असेल तर १२० आणि १८० नंबरचा वॉटरपेपर ओला करून, रेषेच्या दिशेने. सागाचं स्वतःचं तेल पॉलिशला आड येतं, म्हणून पॉलिशच्या अगदी आधी ॲसिटोनचं फडकं फिरवायचं.

आतल्या दारांना लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून लावला, लिटरला सुमारे २५० ग्रॅम, पातळ हात देत. हे पावसाळ्यात करू नये, दमट हवेत लाख पांढरी पडते. रस्त्याकडच्या दाराला लाख टिकत नाही. तिथे जवसाचं डबल बॉइल्ड तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं, पुढचे हात कमी टर्पेंटाइनचे. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.