आज स्लाइडवर रक्त फिरलं!!
आज ट्रेनिंगमधे पॉवरपॉइंटचं मोशन पाथ (स्लाइडवरची वस्तू आपण आखलेल्या वाटेने फिरवायची सोय) शिकले आणि काय सांगू किती भारी वाटतंय. आठवीच्या विज्ञानातला हृदयाचा धडा घेतला, ४ कप्पे काढले, एक निळा ठिपका (ऑक्सिजन कमी असलेलं रक्त) उजव्या अलिंदातून म्हणजे वरच्या कप्प्यातून उजव्या निलयात म्हणजे खालच्या कप्प्यात, तिथून फुफ्फुसात, तिथे तो गायब करून लाल ठिपका (ऑक्सिजन मिळालेलं रक्त) सुरू, मग डावीकडून महाधमनीत. चित्रात हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते ना, तिथेच पोरं दरवर्षी गोंधळतात, फळ्यावर बाण काढून काढून खडू संपतो. मधे जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसती चिन्हं, सगळं युनिकोडमधे (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) परत टाइप केलं, तास गेला. जाऊदे. लब-डबचा आवाज पण टाकलाय. सोमवारी पहिला तास माझाच आहे, प्रोजेक्टर आत्ताच सांगून ठेवलाय 😊